एअर रायफलचा ग्रुप पुन्हा पुन्हा फाटतोय? साइट फिरवण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. पोर महिनाभर नीट दहा-साडेदहा मारत असतं आणि मग मध्येच एखादा शॉट नऊला जातो, एखादा आठला. ते साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, दोन क्लिक फिरवतं. पुढचे पाच-सहा शॉट बरे जातात, म्हणून वाटतं जमलं. मग शॉट उलट्या बाजूला पडतो, पुन्हा क्लिक, आणि आठवडाभरात मुळातला झिरो, म्हणजे साइटची जुळवलेली जागा, कुठे होता हेच कुणाला सांगता येत नाही. शेवटी घरी निरोप जातो की रायफल बिघडली. आई-वडील हबकतात, कारण मॅच रायफलची किंमत लाखात असते.

सांगली-मिरज, तासगाव, कराड या पट्ट्यातल्या मुलांच्या रायफली बघताना हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो, आणि जून लागला की जास्तच. ग्रुप म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रुप सरकणं वेगळं आणि ग्रुप फाटणं, म्हणजे पसरणं, वेगळं. सरकलेला ग्रुप साइटने मध्यावर आणता येतो. फाटलेला ग्रुप साइटने कधीच जुळत नाही, उलट खरं कारण आणखी झाकलं जातं. म्हणून कारण सापडेपर्यंत साइटला हात लावायचा नाही. आत्ता साइट जिथे आहे त्याची नोंद वहीत करा आणि मग पुढचं वाचा.

मापं एकदा डोळ्यासमोर आणू. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असतो, नवाची रिंग ५.५ मिलिमीटरची. पेलेट ४.५ मिलिमीटरचं. पेलेटची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी १०.० मिळतात, म्हणजे भोकाचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत हवा. त्यापुढे दशांशातला प्रत्येक ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. आता रायफल आणि पेलेट मिळूनच शॉट दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे टाकत असतील, तर मुलाने कितीही स्वच्छ ट्रिगर सोडला तरी दहाचा नऊ होणारच. ६० शॉटच्या मॅचमध्ये असे आठ-दहा शॉट झाले की निवड हुकते, आणि दोष मात्र मुलाच्या एकाग्रतेला दिला जातो. हे मला फार लागतं.

रायफल आणि नेमबाज वेगळे करा

टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या ठेवा, एक फोरएंडखाली (स्टॉकचा नळीखालचा पुढचा भाग) आणि एक बटखाली (खांद्याला टेकणारा मागचा भाग). रायफल त्यावर स्थिर टेकवा आणि ज्याचा हात सगळ्यात शांत आहे अशा मोठ्या माणसाने १० मीटरवर शॉट मारावेत. रेंजचे नियम इथेही तेच: नळी कायम टार्गेटकडे, समोर कुणी गेलं की नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण. एका कार्डावर दहा शॉट, अशी पाच कार्डं, सगळी एकाच डब्यातल्या पेलेटने. ग्रुप कार्डावर कुठे पडला याच्याशी आत्ता आपल्याला कर्तव्य नाही. तो किती पसरला एवढंच बघायचं.

व्हर्नियरने सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. त्यातून ४.५ वजा केले की मध्यापासून मध्यापर्यंतचा पसारा मिळतो. चांगली मॅच रायफल आणि तिला मानवणारं पेलेट असेल तर बाहेरून मोजलेलं माप साडेपाच मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवं. ते सात-आठच्या पुढे जात असेल तर दोष रायफलीत, पेलेटमध्ये किंवा सिलिंडरच्या हवेत आहे. माप चांगलं आलं तर हत्यार निर्दोष आहे. मग सरळ शेवटच्या भागाकडे जा.

ग्रुपचा आकारही नीट बघा. उभा लांबट ग्रुप म्हणजे बहुतेक वेळा वेगात फरक, तिथे हवेचा संशय घ्यायचा. नऊ भोकं एकत्र आणि एखादंच लांब, आणि ते दर कार्डावर वेगळ्या दिशेला, तर पेलेट. दोन वेगवेगळे छोटे ग्रुप शेजारी-शेजारी पडले तर काहीतरी ढिलं आहे आणि दोन जागांमध्ये हलतंय.

स्क्रू

हे आधी, कारण फुकट आहे. स्टॉक (दस्ता) आणि ॲक्शन (नळी-ट्रिगरची यंत्रणा) जोडणारे स्क्रू, मागच्या साइटचा रेलवरचा स्क्रू, पुढच्या साइटचा टनेल आणि त्यातली रिंग, नळीवरच्या स्लीव्हचा क्लॅम्प, चीकपीस आणि बटप्लेट. ॲलन की घेऊन प्रत्येकाला हलक्या हाताने दाब देऊन बघा. सरावात रोज रायफल बॅगेत घालून बसने किंवा दुचाकीवर नेली जाते, आपल्या रस्त्यांवर ती हादरते, स्क्रू सैल होणारच. पण जोर लावून आवळू नका. ॲल्युमिनियमच्या स्टॉकमधले आटे गेले की दुरुस्ती महागात जाते. कंपनीच्या पुस्तिकेत जेवढा टॉर्क दिला असेल तेवढाच.

एक उपाय सगळ्यांनी करावा. स्क्रू बरोबर बसला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. मुलाला रोज पाच सेकंदात कळतं.

पेलेट: बहुतेक वेळा घोडं इथेच अडतं

मॅचचं पेलेट म्हणजे मऊ शिशाचा चपट्या तोंडाचा तुकडा, मध्ये बारीक कंबर आणि मागे पातळ स्कर्ट. डोकं नळीच्या आत कोरलेल्या पिळांवर बसतं आणि स्कर्ट मागची हवा अडवतो. स्कर्ट जरा जरी चेपला तरी हवा एका बाजूने आधी निसटते आणि पेलेट नळीतून बाहेर पडताना किंचित कलतं. डोळ्याला न जाणवणारा हा चेप कार्डावर नऊ होऊन दिसतो. तुमच्या वेड्यावाकड्या शॉटचं कारण इथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पहिला प्रश्न: डबा पडला होता का? ५०० पेलेटचा डबा टेबलावरून फरशीवर पडला की त्यातली कितीतरी पेलेट वाकतात. असा डबा मॅचसाठी बाद, सरावाला वेगळा ठेवायचा. डबा खिशात किंवा बॅगेत सुटा खुळखुळत नेणंही तितकंच वाईट. झाकणाखाली मूळ फोम असतो तो फेकू नका, आणि डबा अर्धा रिकामा झाला की वर आणखी फोम भरा म्हणजे आतली पेलेट एकमेकांवर आपटणार नाहीत.

दुसरा प्रश्न: दोन डबे एकत्र केलेत का? डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा, आणि बॅचचा नंबरही असतो. उरलेली पेलेट एका डब्यात ओतायची सवय फार घरांत आहे, हेतू काटकसरीचाच असतो. पण ४.४९ आणि ४.५१ मिसळले की एक नळीत सैल जातं, एक घट्ट, आणि दोघांचा वेग वेगळा. वजनातही तसंच. रायफलीची मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची असतात, पिस्तुलाची त्याहून हलकी. पिस्तुलाचं पेलेट रायफलीत चालतं, पण त्याचा ग्रुप वेगळ्या उंचीवर पडतो. भाऊ पिस्तूल मारतो आणि बहीण रायफल, दोघांचे डबे एकाच कपाटात, अशा घरात हे सहज होतं.

तिसरं, पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची दमट हवा डब्यात शिरली की शिशावर पांढरी भुकटी धरते. असं पेलेट पुसून वापरू नका, टाकून द्या. नळीत घाण सोडतं आणि ती शिशाची भुकटी मुलाच्या हाताला लागते. डबे घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

निवडायचं कसं? पेलेट मऊ कापडावर सोडा, ओंजळीत ओतू नका. प्रत्येक पेलेट स्कर्टवर उभं करून चांगल्या उजेडात वरून आणि बाजूने बघा. चेपलेलं, कडेला बारीक कूस राहिलेलं, वाकडं उभं राहणारं बाजूला. सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा काटा असेल तर वजनाने गट पाडता येतात, बरेच जण पाडतात. माझ्या मते नामांकित मॅच पेलेटमध्ये वजनापेक्षा स्कर्ट बघण्याचा फायदा जास्त. वेळ कमी असेल तर काटा सोडा, डोळे वापरा.

आणि बॅच तपासा. एकाच नावाच्या, एकाच व्यासाच्या दोन बॅच एकाच रायफलीत वेगळ्या वागतात, याला तर्काने उत्तर नाही, कार्ड मारूनच बघावं लागतं. दोन-तीन बॅचचा एकेक डबा घ्या, वाळूच्या पिशव्यांवरून प्रत्येकी पाच कार्डं मारा, आणि जी बॅच सगळ्यात लहान ग्रुप देईल तिचे हंगामभर पुरतील एवढे डबे रेंजवरच्या चार पालकांनी मिळून एकदम मागवा. मैत्रिणीच्या रायफलीला मानवलेलं पेलेट आपल्या रायफलीला मानवेलच असं नाही.

इथे एक विषय निघतोच, म्हणून स्पष्ट लिहितो. परदेशातले व्हिडिओ बघून मोठी मुलं विचारतात की काडतुसाच्या वापरलेल्या पितळी केसमध्ये नवा प्रायमर (दारू पेटवणारा भाग), नवी दारू आणि बुलेट बसवून घरीच राउंड, म्हणजे काडतूस, का भरत नाही, म्हणजे हवा तसा नेमका राउंड मिळेल. काही देशांत परवानगीने लोक हे करतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि याची शिक्षा तुरुंगवासाची आहे. रिकाम्या केसचा साठा घरी करू नका, प्रयोग तर नकोच. शिवाय या खेळात त्याची गरजही पडत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचा प्रायमर केसच्या काठात पसरलेला असतो, एकदा पिन बसली की काठ चेपतो आणि केस संपली. त्या पातळीवरचे नेमबाजही राउंड भरत नाहीत, कारखान्याच्या वेगवेगळ्या बॅच आपल्या नळीतून मारून बघतात आणि मानवलेली बॅच घेतात. आपण पेलेटचं जे करतोय तेच. नेमका दारूगोळा हवा ही मुलाची ओढ चांगली आहे, तिला काटा, भिंग आणि व्हर्नियर हातात द्या.

हवा

मॅच रायफलीत २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर असतो, आणि रेग्युलेटर तो दाब कमी करून प्रत्येक शॉटला सारखी हवा देतो. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की शॉटचा वेग घसरायला लागतो. हिशोब बघा. १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने पेलेटला १० मीटर जायला सुमारे ०.०५९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते १७ मिलिमीटर खाली येतं. वेग १६० झाला तर ते १९ मिलिमीटर खाली येतं. हवेचा अडथळा धरलेला नाही, तरी मुद्दा कळतो: वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक म्हणजे शॉट दोन मिलिमीटरहून जास्त खाली, जवळजवळ पूर्ण एक रिंग. मॅचच्या शेवटच्या दहा शॉटमध्ये शॉट खाली खाली जातायत आणि सगळे म्हणतात पोर दमलं, तेव्हा आधी मॅनोमीटर, म्हणजे सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा, बघा. काटा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर जाण्याआधी भरायचा, मॅचला तर पूर्ण भरूनच उभं राहायचं.

सिलिंडर भरलेला आहे, तरी ग्रुप उभा लांबट येतोय? मग क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, मिळवा आणि वीस शॉटचे वेग लिहून काढा. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर हवा ठीक. पहिला शॉट दरवेळी वेगळा आणि नंतरचे सारखे, तर रेग्युलेटर हळूहळू दाब सोडतोय. सगळेच आकडे वरखाली तर व्हॉल्व्ह किंवा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी). हे घरी उघडायचं काम नाही. दाबाखालचा सिलिंडर पान्याने खोलण्याचा प्रयत्न माणूस मारू शकतो.

हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात हवेबरोबर पाणी आत जातं. पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर बदला, मध्ये मध्ये थांबून पंपाची हवा सोडा. स्कूबा (पाणबुड्यांच्या हवेच्या) टाकीवरून भरणाऱ्यांनी सावकाश भरावं, झटक्यात भरलं की सिलिंडर तापतो, थंड झाल्यावर दाब खाली येतो आणि काटा खोटा ठरतो.

दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. वेल्डिंगच्या किंवा दवाखान्याच्या ऑक्सिजन सिलिंडरवरून रायफल भरायची नाही, आणि हवेच्या जोडणीला साधं तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. दाबाखाली ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. फक्त कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही नखावर मावेल इतकं.

सिलिंडरवर छापलेली तारीख वाचा. मॅच रायफलींच्या एअर सिलिंडरचं आयुष्य साधारणपणे दहा वर्षं धरतात, आणि तो मुदतीत आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूची असते. जुनी रायफल विकत घेताना सगळ्यात आधी हीच तारीख बघा. भरलेला सिलिंडर एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, सांगलीच्या उन्हात दाब चढतो.

नळी

शिसं हळूहळू पिळांवर बसतं. ग्रुप अचानक न फाटता महिन्याभरात थोडा थोडा रुंदावला असेल तर नळी साफ करा. फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) पेलेट मागून घालून दोन-तीन सोडा, काळी निघतील, स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. गज वापरायचाच असेल तर मागच्या बाजूने. तोंडाकडून गज घातला की नळीची कड घासते, आणि ती कड खराब झालेली रायफल कुठल्याच पेलेटने ग्रुप देत नाही. लोखंडी ब्रश नको. साफ केल्यावर पहिले पाच-दहा शॉट भटकतात, ते मोजू नका.

स्प्रिंगची रायफल असेल तर

सुरुवातीला बऱ्याच मुलांकडे नळी मोडून भरायची स्प्रिंग रायफल असते. तिचे नियम वेगळे. तिला वाळूच्या पिशवीवर दाबून धरलं किंवा शिकंज्यात आवळलं की ग्रुप बिघडतोच, कारण पिस्टन सुटताना रायफल हलणार हे गृहीत आहे. हलक्या तळहातावर ठेवून, रोज एकाच जागी धरून मारा. शॉटला धूर आणि कडकडीत आवाज येत असेल तर कुणीतरी तेल ओतलंय, ते जळतंय; तेल थांबवा, काही दिवसांत आपोआप कमी होतं. रिकामी झाडू नका, आणि फेल्टचं पेलेटही एकटं सोडू नका, त्याने पिस्टनला पुरेसा अडथळा मिळत नाही. तिच्यावर दुर्बीण बसवली असेल तर बहुतेक साध्या दुर्बिणी ९० मीटरच्या आसपास जुळवलेल्या असतात, १० मीटरवर डोकं जरा हललं की निशाणाही हलतो. त्यापेक्षा साधी पीप साइट (बारीक भोकातून बघायची) बरी.

उजेड आणि कागद

वीज वरखाली होते, ट्यूब मंदावते, आणि पुढच्या साइटमधून टार्गेटचा काळा गोल लहान-मोठा दिसायला लागतो. अशा वेळी ग्रुप सरकतो, फाटत नाही. टार्गेटवर वेगळा एलईडी लावा, इन्व्हर्टरवर. ओल धरलेला कागद मात्र भोक फाडतो आणि मोजणी खोटी ठरते, त्यामुळे तपासणीची कार्डं कोरडी हवीत, मागे जाड पुठ्ठा लावून.

वाळूच्या पिशवीवर ग्रुप छान आला तर

मग मुलाकडे बघा, पण रागाने नाही. उभं राहून निशाणा धरायला सांगा, डोळे मिटून दोन श्वास घेऊ द्या आणि उघडायला सांगा. साइट टार्गेटच्या शेजारी गेली असेल तर ते मूल प्रत्येक शॉटला स्नायूंनी रायफल ओढून आणतंय. पाय हलवून ती ओढ घालवायची, हाताने नाही. जॅकेटची बटणं, बटप्लेटची उंची आणि गालाची जागा तपासा. दहावी-बारावीच्या वयात मुलं चार महिन्यांत उंच होतात, जुनी सेटिंग त्यांना पुरत नाही. रायफल बिघडली असं जिथे वाटतं तिथे कितीतरी वेळा बटप्लेट सेंटिमीटरभर लांब करायची एवढंच काम असतं.

आर्मररकडे, म्हणजे रायफल दुरुस्त करणाऱ्याकडे, रायफल पाठवायची वेळ आलीच तर ती पाचही कार्डं, पेलेटचा डबा, क्रोनोग्राफचे आकडे आणि साइटची पहिल्या दिवशीची नोंद सोबत द्या. नुसतं "शॉट भटकतायत" असं सांगितलं तर त्यालाही आपण वर केलेलं सगळं पहिल्यापासून करावं लागतं आणि बिल त्याप्रमाणे येतं. सराव झाला की मुलाने साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, पेलेट ओठांत धरायचं नाही, आणि ट्रॅपमधलं (टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीतलं) शिसं मोठ्या माणसाने हातमोजे घालून काढायचं.